खिशातली वायफाय डबी घ्यावी की फोनच्या हॉटस्पॉटवरच भागवावं?

माजघर:
आमचं घर राजापूर तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं. आईच्या मागे बाबा एकटेच असतात, म्हणून या वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत तिथूनच काम करायचं ठरवलंय. ऑफिसची अट एकच, सकाळचा व्हिडिओ कॉल चुकता कामा नये. वाडीत फायबर नाही. पुण्यात एक नवी फाइव्हजी डबी पाहिली. खिशात मावते, आत सिम, स्वतःची बॅटरी. किंमत मात्र जुन्या फोरजी डबीच्या चौपट सांगतात. दुकानदार म्हणाला, "फोनपेक्षा रेंज जास्त पकडते." यात तथ्य आहे का? घेऊ का?

खलाशी:
नका घेऊ. दुकानदाराच्या त्या वाक्यावर तर अजिबात जाऊ नका. तळहाताएवढ्या डबीत अँटेनाही तेवढाच मावणार, फोनमध्ये असतो तसाच. फोनला जिथे रेंज नाही तिथे डबीला कुठून येणार? घरात एखादा जुना फोरजी फोन पडला असेल, त्यात वेगळं सिम घाला, खिडकीत ठेवा आणि हॉटस्पॉट चालू करा. मी दोन पावसाळे असेच काढलेत.

वेदा_क:
खलाशी, तुमचं खिडकीपुरतं ठीक आहे, पण रोजच्या कामाला हे टिकत नाही. आमच्याकडे भावाची बारावी अशाच हॉटस्पॉटवर चालली होती. अर्ध्या तासात फोन तापायचा आणि वेग उतरायचा. शिवाय रेंज कमी असली की काही कंपन्यांचा कॉल टूजीवर जातो. कुणाचा फोन आला की इकडे नेट बंद. डबीला एकच काम असतं, ते ती नीट करते. बटण दाबलं की झालं, बाबांनाही जमेल. माझं मत, घ्या.

खलाशी:
कॉल येतो कारण त्या सिमचा नंबर तुम्ही लोकांना देता. नंबर कुणाला देऊच नका. आणि गणपतीत तर कोणतंही यंत्र आणा, सगळी मुंबई कोकणात उतरलेली असते. कांड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही, कारण टॉवरवरच गर्दी. त्या दहा दिवसांसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवा. पैसे तिथे घाला, यंत्रात नको.

तारवाला:
मोबाइल दुरुस्तीत बारा वर्षं आहे, म्हणून सांगतो. डबी आणि जुना फोन, दोघांचं दुखणं एकच. चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवतात. वर्षभरात बॅटरी फुगते. मागचं झाकण उचललं जातं, टेबलावर ठेवली की डबी बशीसारखी डुगडुगते. अशी कुणाकडे असेल तर आजच बंद करा, दाबून झाकण बसवायला जाऊ नका. काही डब्या बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालतात, काही चालतच नाहीत. दुकानातच बॅटरी काढून चालवून दाखवायला सांगा.

दुसरं, बँड, म्हणजे कंपनीचा सिग्नल ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर येतो तो. फाइव्हजी लिहिलंय म्हणून भुलू नका. जांभ्याच्या भिंतीतून कमी फ्रिक्वेन्सी बरी आत येते, ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची अडते. कमी फ्रिक्वेन्सीचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात एकट्या जिओने घेतला. बीएसएनएलचं फोरजीही ७०० आणि २१०० वर आहे. जुनी जिओफाय, म्हणजे जिओची फोरजी डबी, कुणी फुकट दिली तरी ७०० च्या पट्ट्यासाठी तिचा उपयोग नाही, ती ८५०, १८०० आणि २३०० एवढंच ओळखते, शिवाय जिओचंच सिम घेते. म्हणून आधी तुमच्या घरात कोणाचा कोणता बँड येतो ते बघा, मग यंत्राच्या खोक्यावर तो बँड आहे का ते वाचा.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी', मग 'सिम स्थिती'. तिथे सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे डीबीएममध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ उत्तम, उणे ११० च्या खाली गेलं की व्हिडिओ कॉलची आशा सोडा. घरभर फिरून आकडे लिहून घ्या.

माजघर:
तारवाला, मनापासून आभार. शनिवारी जाऊन वही घेऊन घरभर फिरले. माजघरात उणे ११८. पडवीत १०९. मागच्या दारी, विहिरीजवळ १०४. मग शिडी लावून माळ्यावर चढले, कौलं जिथे उतरतात त्या फटीपाशी फोन धरला, तर उणे ९७! बाबा खालून एकेक आकडा वहीत उतरवत होते.

तारवाला:
११८ आणि ९७ यांत २१ डीबीचा फरक आहे. दर १० डीबीला ताकद दहापट, म्हणजे माळ्यावर शंभरपटीहून जास्त सिग्नल. मग खिशातली डबी कशाला? बाहेरचा अँटेना जोडता येईल असा फोरजी राउटर घ्या, अँटेना वाशाला बांधा, वायर शक्य तेवढी आखूड ठेवा, वायरीतही सिग्नल मरतो. वीज जाते म्हणून बारा व्होल्टचा छोटा बॅकअप लावा. विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग आणि अँटेनाची वायर दोन्ही काढायची. बाबांना हे आधीच दाखवून ठेवा.

वेदा_क:
मला अजूनही पटत नाही. बाबांना घेऊन रत्नागिरीला तपासणीला जाल त्या दिवशी राउटर वाशाखालीच राहील. एसटीत, दवाखान्याच्या बाकावर कॉल लागला तर? ज्याला फिरावं लागतं त्याला डबीच हवी.

माजघर:
वेदा, तुझं म्हणणं मी बाजूला सारलेलं नाही. पण रत्नागिरी महिन्यातून एकदा, आणि माजघर रोजचं. राउटर घेतेय. त्यात घरी चांगली रेंज देणाऱ्या कंपनीचं सिम, माझ्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं. तपासणीच्या दिवशी फोनचा हॉटस्पॉट आणि जवळ पॉवर बँक. अँटेना बांधायला शेजारचा काका येतोय, पाऊस उघडला की.

खलाशी:
बांधायच्या आधी फोन हातात धरून चारही दिशांना फिरवून बघा. टॉवर खाडीपलीकडचा असेल तर तोंड तिकडेच हवं.