मदत हवी आहे: पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला चाललोय, काडतूस कुठलं घेऊ आणि नेम नक्की कुठं धरू?

नमस्कार मंडळी. शिव्या पडायच्या आधीच सांगून मोकळा होतो, ही शिकार सोलापुरात नाही आणि भारतातही नाही. इथं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, नान्नजच्या माळावरचं काळवीट मारलं तर सरळ आत, आणि ते बरोबरच आहे. माझा प्रश्न टेक्सासचा आहे. दोन वर्षं झाली तिथं एच-वन बी व्हिसावर नोकरीला आहे, सध्या दसऱ्याला म्हणून घरी आलोय. परत गेलो की नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिकडं हरणांचा रायफलचा सीझन उघडतो. माझ्या टीमलीडच्या वडलांचं सॅन अँटोनियोच्या वरच्या अंगाला, हिल कंट्री म्हणतात त्या टेकड्यांच्या भागात, रँच आहे. व्हाईटटेल हरणाच्या माद्या फार झाल्यात, एक तू मार आणि मटण घरी ने, असं त्यांनी बोलावणं धाडलंय.

माझा बंदुकीचा अनुभव सांगायचा तर कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पॉइंट टू-टू ची रायफल, पालथं पडून २५ मीटरवर पाच राऊंड, संपला. मागच्या महिन्यात म्हाताऱ्यांनी रेंजवर नेलं आणि पहिल्याच झटक्यात हातात .३०-०६ रायफल दिली. मी हौसेनं डोळा स्कोपला पार चिकटवला, बार उडाला आणि स्कोपची कड भुवईवर बसली. अजून अर्धचंद्रासारखा वण आहे, आईला कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलंय. पण खरी पंचाईत पुढं झाली, त्यानंतर प्रत्येक बाराला ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले, खांदा आपोआप मागं जायला लागला, आणि ५० यार्डांवर पाचातली एक गोळी तर कागदालाच लागली नाही.

त्यांच्या कपाटात चार रायफली आहेत, .२२३, .२४३ विंचेस्टर, .३०८ विंचेस्टर आणि ती भुवईफोड .३०-०६. म्हातारे म्हणतात कुठलीही घे, हरणाला काय माहीत कुठल्या काडतुसानं मेलो ते. ऑफिसातली पोरं वेगळंच सांगतात आणि मी इथं रात्री जेट लॅगमध्ये व्हिडिओ बघत बसतो, जितकं बघतो तितका गोंधळ वाढतो.

मला जे कळलंय ते लिहितो, चुकलं तर सांगा. .२२३ ची गोळी ५५-६० ग्रेनची, म्हणजे चारएक ग्रॅमसुद्धा नाही. टेक्सासात चालते कारण तिथं रिमफायर (पॉइंट टू-टू सारखं, पुंगळीच्या कडेवर घाव बसून उडणारं काडतूस) नको एवढीच अट आहे, पण कोलोरॅडोत हरणासाठी इतकी बारीक गोळी कायद्यानंच चालत नाही. ती मी सोडली. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकन लष्कराचं जुनं काडतूस, दणकट, पण आमचं जमलेलं नाही. .३०८ आली १९५२ ला, १५० ग्रेनची गोळी, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. आणि १९५५ ला त्याच .३०८ च्या पुंगळीचं तोंड आवळून त्यात ६ मिलिमीटरची गोळी बसवली ती .२४३, गोळी ९५ ते १०० ग्रेन, साडेसहा ग्रॅम धरा. धक्का .३०८ चा हिच्या पावणेदोन पट तरी असतो असं वाचलं. माझं वजन ६२ किलो आहे, मन .२४३ कडं ओढतंय. पण ऑफिसातला एक जण म्हणतो ती बायकापोरांची रायफल, हरीण नुसतं जखमी होऊन पळेल. हे खरंय का?

आता नेमाचं. टीमलीड म्हणाला हार्ट-लंग्ज, मी मनात म्हटलं म्हणजे काळीज. आपण बोलताना काळजात गोळी घुसली म्हणतो की नाही? परवा रविवारी विजापूर वेशीजवळ आमच्या नेहमीच्या खाटकाकडं अर्धा किलो मटण घ्यायला गेलो, बोकड नुकताच सोलून उलटा टांगलेला, म्हटलं मामा जरा काळीज कुठं असतं दाखवा. त्यांनी लिव्हर धरून दाखवलं! म्हटलं हे नाही हो, धडधडतं ते. मग ते हसले, "दिल म्हण की. दिल लई खाली असतंय बाबा," म्हणून पुढच्या पायाचा कोपरा छातीला जिथं टेकतो तिथं सुरी लावली, बरोबर त्याच्या आत. त्याच्या वर आणि जरा मागं दोन्हीकडं फुप्फुसं, मग आडवा पडदा, पडद्याला पलीकडून चिकटलेलं काळीज, आणि त्यामागं सगळं पोट. दिलापासून पोटापर्यंत माझी वीतभर पण भरली नाही. म्हणजे मी मराठीतल्या काळजावर नेम धरला असता तर गोळी चार बोटं मागं गेली की पोटात. तेव्हापासून झोप उडालीय खरं सांगायचं तर.

तर प्रश्न असे. .२४३ पुरेल का, आणि गोळी कसली घ्यायची, कारण एकाच काडतुसात दहा प्रकार दिसतात. नेम दिलावर धरायचा की फुप्फुसावर. हरीण तिरकं उभं असलं तर काय. आणि मारल्यावर लगेच धावायचं की थांबायचं. अंतर १०० यार्डांच्या आतच असेल म्हणे, उंच मचाणावरून, समोर मक्याचा फीडर, म्हणजे हरणांना दाणे टाकणारं पिंप.

जुना नेमबाज:
पुरेल. हरीण मरतं ते गोळी कुठं लागली आणि आत जाऊन फुलली का यावर, धक्क्याचा मार रायफलवाला खातो, हरणाला त्याचा काही फरक नाही. डोळे मिटून मारलेल्या .३०-०६ पेक्षा डोळे उघडे ठेवून मारलेली .२४३ कधीही चांगली. .२४३ नं हरणं जखमी होतात ती बहुतेक चुकीच्या गोळीनं. त्या काडतुसात ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या पण मिळतात, त्या घुशी-कोल्ह्यांसाठी, कातडीखालीच फुटतात. तू ९५-१०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, आत जाऊन फुलणारी गोळी घे, डब्यावर हरणाचं चित्र असतं बहुतेक. एफएमजे म्हणजे पूर्ण तांब्याच्या कवचाची अजिबात नको, ती सुईसारखी आरपार जाते, फुलत नाही, हरीण पळतं आणि कुठंतरी झुडपात तासन् तास तडफडतं. मटण खायचंय तर अख्ख्या तांब्याची गोळी पण बघ, शिश्याचे कण मांसात राहत नाहीत, ती ८०-८५ ग्रेनची असली तरी चालते कारण फुटत नाही, पाकळ्या उघडून आत घुसते. पण जो डबा घेशील त्याच गोळीवर रेंजवर स्कोपचा नेम जुळवून घे, दुसरी गोळी दुसरीकडं लागते.

डोळे मिटायच्या सवयीला औषध आहे. मॅगझीन दुसऱ्याला भरायला सांग, मधेच एखादं खोटं काडतूस घालायचं, तुला कळू द्यायचं नाही. खोट्यावर ट्रिगर दाबलास की नळी कशी खाली डुचमळते ते तुझं तुलाच दिसेल, लाज वाटेल आणि सुधारशील. आमच्या उस्तादांनी मला असंच सुधारलं. आणि कानात बोळे घालून वर इअरमफ लाव, निम्मी भीती आवाजाची असते. डोळा स्कोपपासून साडेतीन इंच तरी लांब.

धागाकर्ता:
खोट्या काडतुसाचं भारी आहे. कानाला फक्त स्पंजचे बोळे होते तेव्हा.

ऑस्टिनकर:
नेमाचं मी सांगतो. दिलावर नको, फुप्फुसांवर धर. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर ये, अंगाच्या उंचीचा खालून एक तृतीयांश भाग आला की तिथं थांब. तिथून थोडी वर गेली तरी फुप्फुस, थोडी खाली गेली तर दिल. मागं जाऊ द्यायची नाही, एवढंच लक्षात ठेव. एकूण जागा कागदी डिशएवढी असते, म्हणून रेंजवर १०० यार्डांवर सहा इंची गोल काढ, मचाणावर जसा बसणार तसा टेकू घेऊन बस, पाच पैकी पाच त्यात पडल्या तरच जा. चार पडल्या तर अजून एक शनिवार रेंजवर घालव.

तिरकं म्हणजे कसं तिरकं ते महत्त्वाचं. तोंड पलीकडं आणि ढुंगण जरा तुझ्याकडं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धर, गोळी अलीकडून बरगडीतून तिरकी शिरून फुप्फुसातून तिकडं निघाली पाहिजे, म्हणजे अलीकडच्या बाजूला ती तुला वाटते त्यापेक्षा मागं लागलेली दिसेल आणि तरी बरोबर असेल. तोंड तुझ्याकडं असेल, समोरासमोर असेल, पाठमोरं असेल तर सोड, फीडरवर आलंय, वळेलच दोन मिनिटांत. डोक्यावर तर नकोच. व्हिडिओत मारतात आणि लाईक घेतात, जबडा तुटलेलं हरीण उपाशी मरतं ते व्हिडिओत नसतं. आणि मचाण उंच आहे म्हणून गोळी खाली उतरत जाते, तर शिरण्याची जागा बोटभर वर ठेव. मागं काय आहे ते बघ, टेकडीच्या कडेवर आभाळाच्या पार्श्वभूमीला उभं हरीण असेल तर बोट ट्रिगरवर नेऊच नको.

लागल्यावर लगेच दुसरं काडतूस चढव आणि नुसतं बघत राहा, कुठल्या झाडाजवळून गेलं ते. फुप्फुसात लागलेलं पण ५०-१०० यार्ड पळतं, घाबरू नको. अर्धा तास थांब. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, जवळच पडलेलं सापडेल. गडद लाल म्हणजे तुझं ते मराठी काळीज, तीनचार तास तरी दे. रक्तात हिरवट चारा दिसला, आंबूस वास आला, किंवा गोळी लागताच हरणानं पाठ कमान केली, तर पोट. मग सहा-आठ तास त्याच्या मागं जायचं नाही, उठवलंस की मैलभर जाईल आणि हाती लागणार नाही.

आणि एक फार महत्त्वाचं, एच-वन बी वर तुला बंदूक काय गोळी बाळगणं पण फेडरल कायद्यानं बंद आहे. सूट आहे ती राज्याचं चालू हंटिंग लायसन्स जवळ असेल तर. मागच्या महिन्यात रेंजवर उडवलीस तेव्हा होतं का?

धागाकर्ता:
होतं! टीमलीडनं रेंजच्या आधी हट्टानं लायसन्स काढायला लावलं, मला वाटलं उगाच पैसे घालवतोय. सहा महिन्यांच्या वर राहतोय म्हणून टेक्सासवासीयाच्या दरात मिळालं. हंटर एज्युकेशनचा कोर्स तेवढा राहिलाय.

ऑस्टिनकर:
मग नशीबवान आहेस. कोर्स घरबसल्या ऑनलाईन होतो, सोलापुरात बसून अभ्यास सुरू कर. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागतो. नाहीच झाला तर एकदाच मिळणारी सवलत विकत घेता येते, पण मग कोर्स झालेला लायसन्सवाला माणूस सोबत पाहिजे.

माळावरची:
सगळं वाचलं. नान्नजच्या वाटेवर लहानपणापासून काळवीट बघत मोठे झालेले आपण, आणि तिकडं जाऊन गोळी घालायची? मला नाही पटत. विचारते म्हणून राग मानू नका.

धागाकर्ता:
राग कशाचा ताई. मलाच अजून पुरतं पटलेलं नाही, म्हणून तर इतकं विचारतोय. एक गंमत सांगतो, त्या रँचवर आपली काळविटं पण आहेत, खरंच, तीच काळी पाठ, तीच पिळाची शिंगं. १९३२ मध्ये टेक्सासात आणून सोडली म्हणे. तिथं ती परदेशी जनावरं धरतात, त्यांना सीझन नाही की काही नाही, वर्षभर मारतात. कुंपणापाशी एक नर उभा होता, मान ताठ करून, मला एकदम बार्शी रोडवर बाबांच्या स्कूटरच्या मागं बसल्यासारखं झालं. म्हातारे म्हणाले पुढच्या वर्षी हा घे. मी म्हटलं हा नाही. का नाही ते इंग्रजीत सांगता आलं नाही. व्हाईटटेलचं तसं नाही, तिथं लांडगे उरले नाहीत, चारा पुरत नाही. पण तुमचं म्हणणं डोक्यात राहील.

चादरवाला:
बाकी जाऊ दे, इकडून निघताना आणि पुढच्या वेळी येताना बॅगचे कप्पे उलटे करून बघ. रेंजवर नेलेल्या जॅकेटात एखादं काडतूस राहिलं आणि विमानतळावर मशीनमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टखाली केस होते, विसरलो म्हणून ऐकत नाहीत. अन् हरणाचं मटण चरबी नसलेलं, कोरडं होतंय, शिजवताना तेल सढळ सोड. काळं तिखट नेलालास का?

धागाकर्ता:
एक किलो. आईनं परवाच कांडून आणलंय. जॅकेट आत्ता उलटं केलं, स्पंजचे दोन पिवळे बोळे निघाले, दुसरं काही नाही. आई विचारतीय हे काय, कानात काय झालंय तुला, आता भुवईचं पण सांगावं लागणार बहुतेक.

तर ठरलं, .२४३, १०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, आडवं उभं असेल तरच. एकच राहिलं, फीडरवर दोनतीन एकदम आली आणि एकामागं एक उभी असली तर गोळी आरपार जाऊन मागच्याला लागते का? अंतर किती सुटलेलं असावं मधे?

जुना नेमबाज:
आरपार जाऊ शकते. अंतर मोजत बसू नको, मागं दुसरं दिसलं की थांब, ते बाजूला होईपर्यंत. दाणे टिपताना सारखी जागा बदलतात.