फ्लेमिंगोसाठी सिग्मा १५०-६०० की निकॉनचीच २००-५००?

खाडीकाठचा (ऐरोली):
मंडळी, डोकं भंजाळलंय. निकॉन डी७५०० कॅमेरा आहे, त्यावर ७०-३०० मिमीची झूम लेन्स. गेल्या रविवारी ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगो बघायला गेलो, फोटोत पक्षी म्हणजे तांदळातले खडे, मोठं करून बघितलं तर चोच कुठली नि पाय कुठला कळेना. आता सेकंडहँड लेन्स घ्यायची म्हणतोय. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉन १५०-६०० जी२ नाहीतर निकॉनची स्वतःची २००-५००. ऑफिसातला एक म्हणतो थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपनीची, घेशील तर रडशील, यूट्यूबवाले म्हणतात फरक कळत पण नाही. येऊरला पण जातो अधूनमधून, तिथे झाडीत उजेडाची बोंब.

पारसिककर:
२००-५०० वापरतोय, खूश आहे. पूर्ण झूमपर्यंत एफ ५.६ मिळतं, बाकी दोन्ही ६.३ वर जातात, म्हणजे उजेड थोडा कमी घेतात. पण खरं सांगू, हा फरक म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या जागी २०००, येऊरच्या झाडीत त्याने काही दिवाळी होत नाही. शार्प आहे, व्हीआर (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) मस्त. तक्रार एकच, झूम रिंग. २०० वरून ५०० ला जायला हात दोनदा फिरवावा लागतो, तोवर घार डोक्यावरून पार.

घोडबंदरी:
वजनाचं कोणी बोलतच नाही! निकॉन ट्रायपॉड कॉलरसकट २३०० ग्रॅम, सिग्मा कंटेम्पररी १९३० च्या आसपास. कागदावर किरकोळ वाटतं, बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, तासभर हातात धरून बघा मग कळेल. माझी सिग्मा सुरुवातीला ६०० ला जरा पुढे फोकस करायची, मी पण तुमच्या ऑफिसवाल्यासारखाच बोंबलत होतो. मग सिग्माचाच यूएसबी डॉक (लेन्स कॉम्प्युटरला जोडायचा) घेतला, त्यात चार फोकल लेंग्थ (झूमचे टप्पे) गुणिले चार अंतरं अशी सोळा ठिकाणी दुरुस्ती करता येते, एक रविवार गेला पण लेन्स सुतासारखी सरळ झाली. पुढे झेड (निकॉनची मिररलेस) बॉडी घेतलीत तर मात्र निकॉनची लेन्स अडॉप्टरवर निमूट चालेल, थर्ड पार्टीला फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागू शकतं. त्यालाही डॉकच.

सोनीवाला:
आमच्याकडे या बघायला. सोनीच्या ए१ कॅमेऱ्याला सेकंदाला ३० फ्रेम, थर्ड पार्टी लेन्स लावली की १५. तुमचं निकॉन बरंय.

नेरूळचे काका:
अरे, २०१५ ला ठाणे खाडी अभयारण्य झालं त्याच्या आधीपासून जातोय मी तिकडे. लेन्स कुठलीही घे, उन्हं चढली की चिखलावरची हवा थरथरते आणि मग लाखाची लेन्स पण मऊच फोटो देते. लोक घरी येऊन लेन्सला शिव्या घालतात. सकाळची बोट धर, ती पण भरतीवर अवलंबून असते, आधी विचारून घे. आणि सेकंडहँड घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून आतून बघ, बुरशीचं जाळं दिसलं तर उठून ये. माझी एक चांगली लेन्स जुलैभर बॅगेत राहिली, फंगस. ठाण्यात साफ करून आणली तर एक काच जरा तिरकी बसवून दिली पठ्ठ्याने, उजवी बाजू आजपण धूसर येते. ड्राय कॅबिनेटचे (लेन्स कोरडी ठेवायच्या कपाटाचे) पैसे लेन्सच्या बजेटमध्येच धर.

खाडीकाठचा (ऐरोली):
काका, टॉर्चचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू. पारसिककर, रिंगचं वाचून थोडा बिचकलो, मला घारीच जास्त आवडतात. आता सिग्मा दोन दिवस भाड्याने घेतो, माझ्या क्रॉप (छोट्या सेन्सरच्या) बॉडीवर ६०० म्हणजे ९०० सारखं दिसणार ना, तेवढं हातात स्थिर धरता येतं का बघू. टॅमरॉनवर कोणीच बोललं नाही, कोणाकडे नाहीये का?

घोडबंदरी:
शेजाऱ्याकडे आहे, मागून बघतो. शनिवारी येताय का बोटीला?