ड्यूटीचा तक्ता बसतच नाही, काय करावं?

वॉर्ड इन्चार्ज, नागपूर: ३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड, हाती ८ सिस्टर. सकाळी ३, दुपारी २, रात्री २ लावते. एकीनं रजा टाकली की तक्ता कोलमडतो. मे महिन्यात उष्माघाताचे पेशंट आले की विचारूच नका.

उत्तर १: ताई, गणितच तोकडं आहे. रोज ७ ड्यूट्या, आठवड्याच्या ४९. एकीच्या ६ धरल्या तर रजा सोडूनही ९ जणी लागतात. रजेसाठी ३० टक्के राखीव धरा, १२ होतात. हा हिशेब मेट्रनकडे (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांकडे) लेखी द्या. नुसतं 'स्टाफ कमी' म्हटलं तर फाइल हलत नाही जी.

उत्तर २: तोवर दुपारपाळीनंतर लगेच सकाळ लावू नका. रात्री ९ला सुटलेली सिस्टर सकाळी ७ला हजर, झोप अर्धवट. इन्सुलिनचे युनिट तिथंच चुकतात. रात्रपाळ्या सलग २-३च, मग सुट्टी.

उत्तर ३: हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, टेबलावर नको, खाटेशी घ्या. सलाइन किती उरलं, सुईची जागा सुजली का, लघवीच्या पिशवीत किती, दोघींनी मिळून बघायचं. उष्माघातात लघवीचा रकाना कोरा राहिला तर किडनी बिघडल्याचं उशिरा कळतं. मॉर्फिनचे अँप्युल मोजून दोघींच्या सह्या. १५ मिनिटं जातात, जाऊ द्या.