सिंधुदुर्ग जिल्हा: नाव मालवणचं, कचेरी ओरोसची, मग सावंतवाडीचं काय राहिलं?

धागाकर्ता: तेरेखोलकाठ

1 मे 1981 ला रत्नागिरीचे दक्षिणेकडचे तालुके तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तो व्हायलाच हवा होता, त्यावर वाद नाही. माझा आक्षेप नाव आणि मुख्यालय या दोन निर्णयांवर आहे. सावंतवाडी हे शेकडो वर्षांचं राजधानीचं गाव. राजवाडा, बाजार, शाळा, वाचनालय सगळं तयार होतं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि राजधानीचा तालुका झाला. तेहतीस वर्षांनी भरपाईची संधी आली, तर नाव मालवणच्या किल्ल्याचं दिलं आणि कचेऱ्या महामार्गावरच्या ओरोसला बांधल्या. बरं, ज्या किल्ल्याचं नाव दिलं तो संस्थानाचा नव्हताच. 1812 च्या तहात मालवण इंग्रजांना दिलं ते कोल्हापूरकरांनी. सावंतवाडीनं त्याच वर्षी वेंगुर्ला दिलं. म्हणजे निम्म्या जिल्ह्याच्या इतिहासाचा या नावाशी काडीचा संबंध नाही.

मला वाटतं, कुडाळ, कणकवली, मालवण, वाडी (सावंतवाडी) यांच्यात भांडण नको म्हणून कुठल्याच गावाचं नसलेलं नाव आणि कुणाचंच नसलेलं गाव निवडलं. आणि त्यात जिल्ह्याला एक धड शहर मिळायचं राहून गेलं.

कर्लीपार

संबंध नाही? 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. मराठी आरमाराचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. वाडीच्या राजांचं, सावंतांचं, महाराजांशी कधी जमलं, कधी बिनसलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. 1981 मध्ये महाराष्ट्र दिनाला नवा जिल्हा जाहीर करताना कुठलं सरकार संस्थानाचं नाव देईल? आणि तुमचा जिल्हा 'सावंतवाडी' झाला असता तर देवगडच्या माणसानं ते नाव का लावून घ्यायचं? तो कधी संस्थानात नव्हता.

खाडीवरचो

नावाचा काय घेवन बसलास? आमच्या आजोबाक जमिनीच्या कामाक रत्नागिरीक जावचा लागा. एसटीन एक दिस जाऊक, एक दिस येवक, आणि साहेब रजेर असलो तर परत तोच फेरो. आता ओरोसाक सकाळी जावन जेवक घराक येतंय. माका ता पुरे.

तेरेखोलकाठ

@खाडीवरचो, तुमचा पयलो मुद्दो मान्य. म्हणूनच जिल्ह्याला विरोध नाही म्हटलं. पण विजयदुर्गच्या माणसाला विचारा, ओरोस त्याला किती जवळ आहे ते. दोडामार्गवाल्यांना तर गोवा जवळचा. गंभीर आजारी पेशंट आजही गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतात. 2018 मध्ये तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागलं तेव्हा दोडामार्गात थेट गोव्यात विलीन करा अशी मागणी उठली होती. जिल्हा होऊन तेव्हा 37 वर्षं झाली होती!

घाटमाथा

मी कोकणातला नाही, पण एक गंमत सांगतो. त्याच 1981 साली, मुख्यमंत्री अंतुल्यांच्याच काळात, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. कुलाबा हाही समुद्रातला किल्लाच, अलिबागसमोरचा, आणि तोही महाराजांचाच. म्हणजे एका जिल्ह्याचं जलदुर्गाचं नाव गेलं आणि दुसऱ्याला जलदुर्गाचं नाव मिळालं. नाव बदललं तरी रायगडची कचेरी अलिबागलाच राहिली. नाव एकीकडचं, मुख्यालय दुसरीकडे, यात तुमच्यावरच अन्याय झाला असं नाही.

कर्लीपार

@घाटमाथा, बरोबर. शिवाय जिल्ह्याचं नाव आणि हद्द जमीन महसूल संहितेखाली अधिसूचना काढून ठरते, आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. नाव नको असेल तर आजही मागणी करता येते. इतक्या वर्षांत 'जिल्ह्याचं नाव बदला' असा मोर्चा मी तरी पाहिला नाही. मुख्यालय वाडीला हवं होतं म्हणणारे भेटतात. नाव नको म्हणणारे तुम्ही पहिलेच.

गाळेल

मुद्दा भलतीकडे चाललाय. 2001 ला जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 68 हजार होती, 2011 ला 8 लाख 49 हजार. माणसं कमी झाली. वेगळ्या जिल्ह्यानं रोजगार येईल म्हणत होते, मग पोरं मुंबई आणि गोव्याला का जातात? 1997 ला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, रेल्वे आली, चिपीला विमानतळ झाला. सांगा, कचेऱ्यांच्या पगारापलीकडे ओरोसनं काय दिलं?

कर्लीपार

त्याच दहा वर्षांत रत्नागिरीचीही लोकसंख्या घटली. 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजार. तिथे तर जुनं, मोठं मुख्यालय आहे, बंदर आहे. मग तो दोष जिल्ह्याच्या विभाजनाचा कसा? मनीऑर्डरवर चालणारं कोकण 1981 च्या आधीही होतंच.

गाळेल

दोष विभाजनाचा नाही म्हणत. उपयोग झाला नाही म्हणतोय. लोकसभेला अजून रत्नागिरी-सिंधुदुर्ग एकच मतदारसंघ, खासदार एक. विधानसभेच्या जागा तीन. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याचं मुंबईत वजन ते किती?

तेरेखोलकाठ

@गाळेल, म्हणूनच शहर हवं होतं. कॉलेज, इस्पितळ, बाजारपेठ, कोर्ट एका जागी असली की तिथं माणूस वस्ती करतो. ओरोसला संध्याकाळी सहानंतर जाऊन बघा. साहेबांच्या गाड्या कुडाळ-कणकवलीकडे निघालेल्या असतात. आता वैद्यकीय महाविद्यालय झालंय तिथं, पण ते चाळीस वर्षांनी.

खाडीवरचो

वाडीक कचेरी असती तर कणकवलीवाले आजपर्यंत भांडत रवले असते. तुमका माहीत नाय आमचे लोक? एका देवळाच्या मानावरून तीन पिढ्ये कोर्टात जातत. ओरोस हा म्हणान निदान सगळे सारख्याच शिव्ये घालतत.

तेरेखोलकाठ

ह्या मात्र खरा. तरी मुख्यालयाचं माझं मत कायम. नावाबद्दल कर्लीपार यांचा देवगडचा मुद्दा मला खोडता येत नाही, तो तसाच ठेवतो.