मतदानाच्या रांगेत तुमचं काय झालं? (अनुभव धागा)

२० मे २०२४ ला मुंबईतल्या सहाही मतदारसंघांत आणि ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघरला एकाच दिवशी लोकसभेचं मतदान होतं. घामाच्या धारा, न हलणाऱ्या रांगा आणि खिशातल्या मोबाईलवरून गेटावर हुज्जत. नोव्हेंबरात विधानसभेला हवा बरी होती, पण 'यादीत नाव नाही' ऐकून परतलेले तेव्हाही भेटले. टक्का घसरला की शहरी मतदार आळशी ठरतो. काही असतीलही. पण जे गेले, ताटकळले आणि मत न देता घरी आले, ते कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. म्हणून हा धागा. मतदार, निवडणूक ड्युटी केलेले, पोलिंग एजंट, सगळ्यांनी लिहा. पक्षांची नावं नकोत, केंद्रावरच्या कुणाचंही नाव नको.

ठाणे, लोकसभा २०२४
एका शाळेत सहा खोल्या, म्हणजे सहा केंद्रं, आणि गेट एकच. गेटाबाहेर सगळ्यांची मिळून एक रांग. सासूबाईंना घेऊन तासभर उभी होते. मग आतून आलेला एक मुलगा म्हणाला, "काकू, तुमची खोली रिकामी आहे, गर्दी शेजारच्या दोन खोल्यांना आहे." मतदार चिठ्ठीवरचा भाग क्रमांक (कुठलं केंद्र ते त्यावरून कळतं) बघून गेटावरच माणसं वेगळी करायला एक जण पुरला असता. आमच्या मागचे काही जण तोवर निघून गेले होते, बहुधा रिकाम्या खोलीचेच मतदार.

पुणे
१७ एप्रिल २०१४ विसरणार नाही. हातात ओळखपत्र, पत्ता तोच, आधीच्या निवडणुकीत त्याच केंद्रावर मत दिलेलं, आणि यादीत नाव गायब. आमच्या इमारतीतली कितीतरी नावं उडाली होती. त्या दिवशी पुण्यात हे इतक्या ठिकाणी झालं की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कार्ड म्हणजे फक्त ओळख. मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो, हे तेव्हा कळलं. नंतर सहा नंबरचा फॉर्म भरून नव्याने नाव घातलं. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव चढत नाही, त्यामुळे मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून काही हाती लागत नाही.

शिक्षिका, निवडणूक ड्युटी, नाशिक जिल्हा
रांग मशीनपाशी तुंबत नाही. मत दिलं, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसली, बीप वाजला, संपलं. तुंबते ती पहिल्या टेबलाशी. यादी घरांच्या क्रमाने असते, आडनावांच्या नाही. चिठ्ठी न आणता नुसतं नाव सांगणाऱ्या माणसासाठी पानं उलटत बसावं लागतं. शिवाय मागे पुरवणी यादी असते, म्हणजे नंतर जोडलेली नावं; घाईत ती बघायची राहिली की नाव असलेला माणूसही परत जातो. म्हणून कुणी 'नाही' म्हणालं तर शांतपणे "पुरवणी बघता का?" विचारा, नाहीतर सरळ केंद्राध्यक्षांशी बोला.

आणि मतदान संपायच्या वेळेची, सहाची गंमत. सहा वाजता रांगेत जो उभा आहे त्याचं मत घ्यावंच लागतं, मग नऊ वाजोत. सही केलेल्या चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत यायच्या, म्हणजे मागे कुणी घुसत नाही. दर वेळी शेवटचे गृहस्थ "मला एक नंबर मिळालाय!" म्हणून पुढे येतात आणि रांगेत धमाल उडते. सहाला गेट बंद झालं म्हणून आतल्या कुणालाही घालवता येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. आमच्या जेवणाबद्दल लिहीत नाही, तो वेगळा धागा होईल.

डोंबिवली
दुपारी गेलो तर माझ्या नावापुढे खूण. "तुमचं झालंय." बोट दाखवलं, शाईचा ठिपका नाही. साहेब म्हणाले, आता काही करता येत नाही. मी प्रदत्त मत मागितलं, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत दिलेलं असेल तर कागदावर देता येणारं मत. आधी एकमेकांकडे पाहिलं, मग पुस्तिका उघडली, आणि कागदी मतपत्रिका मिळाली. शिक्का मारला, ती वेगळ्या पाकिटात गेली. मशीनवर मात्र मत देऊ देत नाहीत. घरी येताना रागच जास्त होता.

→ हे मत मोजतात का?
→ मोजणीच्या दिवशी नाही. पण निकालाला कोर्टात आव्हान मिळालं आणि फरक किरकोळ असेल तर ती पाकिटं महत्त्वाची ठरतात. २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्यातून विधानसभेचे उमेदवार सी. पी. जोशी एका मताने पडले. तो खटला प्रदत्त मतांच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मागितलंत ते बरोबरच केलंत.

मुंबई, पूर्व उपनगर
गेटावर फोनवरून अडवलेल्या मोबाईलवाल्यांपैकी मी एक. एकटीच आले होते, फोन ठेवणार कुठे? शेवटी रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याने ठेवून घेतला. त्याच्या टेबलावर फोनांची रांग लागली होती, केंद्रापेक्षा शिस्तीत. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने दाराशी फोन ठेवायची सोय जाहीर केली, तेव्हा पहिल्यांदा तो झेरॉक्सवालाच आठवला.

कोल्हापूर
आई ८२ वर्षांची. घरून मतदानाची वयाची अट २०२४ मध्ये ८० वरून ८५ झाली, त्यामुळे ती नेमकी मधे सापडली. केंद्रावर मात्र पोलीसदादांनीच खुर्ची दिली आणि रांग न लावता आत नेलं. कुणी कुरकुरलं नाही.

पिंपरी-चिंचवड
महापालिकेचंही लिहा की कुणीतरी. २०१७ ला प्रभागात चार जागा, म्हणजे चार बटणं. लोक एक दाबून बाहेर निघायचे, बीप वाजायचा नाही, मग आतून हाका: "अहो, या परत, तीन राहिली!" रांग हलणार कशी? आणि आमच्या सोसायटीतले निम्मे तर विधानसभेच्या शाळेतच जाऊन उभे होते. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच करतात, पण प्रभागांप्रमाणे फोडतात, त्यात कधी गल्लीच्या गल्ली पलीकडच्या प्रभागात जाते. प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हा हरकत घेता येते, ती प्रभाग चुकल्याची. नवं नाव तेव्हा घालून मिळत नाही.