अँचेलोटी ग्रेट की नशीबवान? पॉडकास्टमध्ये हा वाद कसा मांडावा?

घोडबंदर_गोलकिक

दोघं मिळून मराठीत फुटबॉल पॉडकास्ट सुरू करतोय. पहिला मोठा भाग इटालियन फुटबॉल कोच कार्लो अँचेलोटीवर: एक जण बाजूने, दुसरा विरोधात. चाचणीचं रेकॉर्डिंग ७० मिनिटांचं झालं आणि त्यातली निम्मी मिनिटं "पाच चॅम्पियन्स लीग जिंकल्यात रे" विरुद्ध "अरे पण टीम कुणाची होती?" यातच गेली. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मुद्दे कसे वाटून घ्यायचे? कुठले सामने घ्यायचे? आणि ठाण्यातल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, खाली टाइल्स आणि शेजारी चालू रस्ता, आवाज बरा कसा आणायचा? बजेट फार नाही.

नेरूळ_फार_पोस्ट

आधी शीर्षक बदला. "ग्रेट की नशीबवान" यावर कुणी हरत नाही नि कुणी जिंकत नाही, म्हणून तर ७० मिनिटं होतात. प्रश्न असा हवा की उत्तर देताना माणसाला काहीतरी सोडावं लागेल. उदाहरणार्थ: "३८ सामन्यांच्या लीगसाठी अँचेलोटीला नेमाल का?" म्हणजे देशातली वर्षभराची लीग, युरोपची चॅम्पियन्स लीग नाही. चॅम्पियन्स लीगच्या चषकांचा बाण बाजूने बोलणाऱ्याच्या भात्यातून लगेच निघून जातो, आणि विरोधकालाही पाच देशांतल्या लीग विजेतेपदांना उत्तर द्यावं लागतं. मिलान २००३-०४, चेल्सी २००९-१०, पीएसजी २०१२-१३, बायर्न २०१६-१७, रेआल माद्रिद २०२१-२२ आणि २०२३-२४. उलट बाजूने, मिलानमध्ये जवळजवळ आठ वर्षं आणि लीग एकच. आकडे दोघांकडे तेच, फक्त वाचन वेगळं. वाद इथे सुरू होतो.

मग मुद्दे "गुण" आणि "दोष" अशा दोन ढिगांत टाकू नका. तीन कामं वेगळी काढा: खेळाडूला जागा शोधून देणं, सामना चालू असताना बदल करणं, चेंडू नसताना संघ बांधून ठेवणं. प्रत्येक कामाला दोन सामने, एक बाजूचा, एक विरोधातला. सहा सामने पुरे. सातवा आला की श्रोता हरवतो.

पहिल्या कामात तो खरंच उस्ताद आहे. २०१३-१४ मध्ये डि मारियाला विंगवरून उचलून मधल्या फळीत डावीकडे खेळवलं. २०२२ मध्ये वाल्वेर्देला, जो मूळचा मिडफिल्डर, उजव्या विंगवर ठेवलं, म्हणजे हल्ला करताना विंगर आणि मागे येताना चौथा मिडफिल्डर. २०२३-२४ ला बेन्झेमा गेलेला, त्याच्या जागी मोठा स्ट्रायकर आला नाही, तेव्हा मधल्या फळीतल्या चौघांचा हिऱ्याच्या आकारात हिरा करून बेलिंगहॅमला पुढच्या टोकावर सोडलं; त्याने लीगमध्ये १९ गोल केले. मिलानमध्ये पिर्लोला बचावफळीच्या पुढे खोल खेळवलं, ते तर सगळ्यांना माहीतच आहे.

दुसऱ्या कामासाठी प्रत्येक सामन्याचा कागद करा. चार रकाने: मिनिट, स्कोअर, काय बदललं, पुढच्या पंधरा मिनिटांत काय झालं. नमुना देतो, रेआलची २०२२ ची चॅम्पियन्स लीगमधली मँचेस्टर सिटीविरुद्धची परतीची उपांत्य लढत (दोन सामन्यांची बेरीज धरतात; पहिला सामना सिटी ४-३):

६८ वं मिनिट, ०-०, क्रूस बाहेर, रॉड्रिगो आत.
७३ वं, मेहरेझचा गोल, ०-१.
७५ वं, मॉड्रिच आणि कासेमिरो दोघंही बाहेर, कामाविंगा आणि आसेन्सिओ आत.
९० आणि ९०+१, रॉड्रिगो, रॉड्रिगो.
जादा वेळेत बेन्झेमाची पेनल्टी. एकूण ६-५.

यातलं ७५ वं मिनिट बघा. ज्या तिघांच्या जोरावर हा संघ कित्येक वर्षं उभा होता, ते तिघंही बाकावर, आणि संघ एकूण बेरजेत दोन गोलांनी मागे. "अँचेलोटी बदल उशिरा करतो" असं सरसकट म्हणणाऱ्याला आधी हे मिनिट खोडून काढावं लागेल. विरोधकाने इस्तंबूल २००५ आणावं, म्हणजे मिलान-लिव्हरपूल चॅम्पियन्स लीग अंतिम सामना: मध्यंतराला मिलान ३-० पुढे, मग ५४ ते ६० या सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल, आणि मिलानचा पहिला बदल ८५ व्या मिनिटाला. फक्त एक काळजी घ्या. तेव्हा तीनच बदलांची मुभा होती, २०२२ ला पाचांची. हे न सांगता दोन सामने शेजारी ठेवलेत तर पहिल्याच कॉमेंटमध्ये कुणीतरी धुऊन काढेल.

तिसरं काम, म्हणजे चेंडू नसतानाचं. इथे बाजूने बोलणाऱ्याने जास्त वेळ थांबू नये, अंगाशी येतं. २०२३ ला सिटीकडून ०-४. २०२४-२५ ला बार्सिलोनाविरुद्ध चार सामने, चारही पराभव: ०-४, २-५, २-३, ३-४. सोळा गोल खाल्ले. पहिल्या सामन्यात एकटा एम्बापे आठ वेळा ऑफसाइड. समोरची बचावफळी मध्यरेषेजवळ उभी असताना धाव कधी सुरू करायची याचा तोडगा नव्वद मिनिटांत मिळाला नाही. हा दोष खेळाडूंच्या खात्यात टाकायचा की कोचच्या? यावर दहा मिनिटं भांडा, ऐकायला मजा येईल.

खारेगाव_कॉर्नर

एक दुरुस्ती. पिर्लोला खोल खेळवण्याचं सगळं श्रेय अँचेलोटीला देऊ नका. ब्रेशिया क्लबात कोच कार्लो माझोनेने ते अँचेलोटीच्या आधी केलं होतं. अँचेलोटीने तीच जागा मिलानमध्ये कायमची केली आणि तिच्याभोवती संघ बांधला. हेही काही लहान नाही, पण "शोध लावला" हा शब्द चुकीचा.

आणि नशिबाचा मुद्दा येणारच, तेव्हा नशीब म्हणजे काय ते आधी ठरवा. २०२२ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना घ्या: लिव्हरपूलचे २४ फटके, कुर्त्वाचे नऊ बचाव, रेआलचा एक गोल. याला नशीब म्हणायचं तर गोलकीपर निवडणं आणि त्याच्या पुढे खोल बसायचं ठरवणं कुणाचं, हेही सांगावं लागेल. म्हणायचंच नसेल तर मग प्रत्येक फेरीत मरता मरता वाचायची वेळ का आली, त्याचं उत्तर द्या. हा प्रश्न दोघांनाही विचारा, फक्त विरोधकाला नाही.

सीवूड्स_४४२

आवाजाचं मी सांगतो.

कंडेन्सर माईक घेऊ नका. स्वस्त असतो, दिसायला भारी असतो, पण खोलीतलं सगळं ओढून घेतो. शेजारच्या कुकरच्या शिट्टीपर्यंत. यूएसबीचा डायनॅमिक माईक घ्या, प्रत्येकाला वेगळा. तोंडापासून चार बोटं अंतर, समोर नाही तर किंचित तिरका, म्हणजे "प" आणि "फ" ला फटका बसत नाही. फोम लावाच.

हॉल सोडा, बेडरूममध्ये बसा. गादी, उशा, पडदे, आणि कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ. माईक बोलणाऱ्याकडे तोंड करून असतो, त्याला तुमच्या मागची भिंत ऐकू येते, म्हणून मऊ वस्तू पाठीमागे हव्यात. अंडी ठेवायचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी काही होत नाही. पंखा बंद, एसी बंद, फ्रिजचं दार लागलेलं बघा. रस्त्याचा आवाज पूर्ण जाणार नाही. सुरुवातीला दहा सेकंद दोघंही गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा, नॉइज काढताना तोच नमुना द्यायचा. पण नॉइज रिडक्शन जोरात मारलंत तर आवाज बादलीतून आल्यासारखा होतो.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोघांचे ट्रॅक वेगळे. साधं बोलताना लेव्हल उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये राहू दे. वादात माणूस ओरडतो, म्हणून चाचणी "गोल!" असं ओरडून करा, तेव्हाही उणे ६ च्या वर जायला नको. एकदा क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला आवाज नंतर सुधारत नाही. दोन वेगळ्या उपकरणांवर घेत असाल तर ट्रॅक जुळवायला सुरुवातीला आणि शेवटी एक टाळी. शेवटची टाळी लोक विसरतात आणि चाळिसाव्या मिनिटाला एकाचं हसू दुसऱ्याच्या विनोदाआधी येतं.

शेवटी तयार फाइल स्टीरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस (एकूण आवाज किती मोठा, त्याचं माप), मोनो असेल तर उणे १९. दोन माणसांच्या बोलण्याला मोनो पुरतं, फाइलही लहान. कॉम्प्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) ३:१ च्या आसपास लावा. तुमचा श्रोता ठाणे-वाशी लोकलच्या दारात इयरफोन लावून ऐकणार आहे, तिथे हळू बोललेलं वाक्य ऐरोलीच्या आत गायब होतं. तो प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, तेव्हा ७० मिनिटांचा भाग दोन तुकड्यांत द्या.

सामन्याच्या प्रक्षेपणातली कॉमेंट्री मध्ये टाकू नका. दहा सेकंदांची असली तरी भाग खाली उतरवला जाऊ शकतो. गोलचं वर्णन स्वतः करा.

घोडबंदर_गोलकिक

जबरदस्त. विरोधाची बाजू माझ्याकडे आहे. २०२४-२५ सोडून लीगच्या प्रश्नावर काय आणू? तो एकच हंगाम धरला तर समोरचा म्हणणार, क्रूस निवृत्त झाला, बचावफळी जायबंदी होती.

नेरूळ_फार_पोस्ट

म्हणणारच, आणि २०२३-२४ दाखवणार: कुर्त्वा आणि मिलिताओ ऑगस्टमध्येच जायबंदी, डिसेंबरमध्ये अलाबा, मूळच्या मिडफिल्डर च्वामेनीला सेंटरबॅक खेळवून ९५ गुणांनी लीग घेतली. त्यामुळे दुखापतींच्या वाटेला जाऊच नका, "दुसरा-तिसरा हंगाम" धरा. रेआल २०१४-१५: सलग २२ विजय, मग नोव्हेंबरमध्ये जायबंदी झालेल्या मॉड्रिचशिवाय त्याच त्या अकरा जणांवर भार, वसंतात दम संपला, लीगही गेली आणि मे महिन्यात नोकरीही. बायर्न: पहिल्या वर्षी लीग, दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात पीएसजीकडून ०-३ आणि दुसऱ्या दिवशी हकालपट्टी, सराव हलका असतो ही तक्रार तेव्हा जर्मन वर्तमानपत्रांत येत होती. नापोली: दुसऱ्या हंगामात डिसेंबर २०१९ मध्ये, गेंकला ४-० हरवून बाद फेरी गाठली त्याच रात्री काढलं. तीन क्लब, एकच नमुना.

समोरचा २०२१ नंतरचं रेआल दाखवेल, तिथे लीग पहिल्या आणि तिसऱ्या हंगामात आली. त्याला विचारा, दुसऱ्यात काय झालं? बार्सिलोनाने लीग नेली. तो कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा बाद पद्धतीचा चषक, दाखवेल. लगेच अडवा, प्रश्न लीगचा आहे.

खारेगाव_कॉर्नर

तिसरा माणूस असेल तर त्याला स्टॉपवॉच द्या, बोलायला माईक नको. प्रत्येकी चार मिनिटं झाली की टेबलावर पेन वाजवायचं. फक्त ते पेन माईकच्या टेबलावर नको, धक्का थेट स्टँडमधून ट्रॅकवर येतो.