प्लाझ्मातलं इम्युनोग्लोबुलिन नेमकं कशाला
वर एकांनी विचारलंय की सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी व्हायला लागतात तेव्हा, अँटिबायोटिक चालू असताना वरून महागडं इम्युनोग्लोबुलिन का लिहून देतात. माझ्या काकांना इथे इंदूरला आयसीयूत ते लिहून दिलं तेव्हा पलासियाच्या मेडिकलवाल्याने भाव सांगितला आणि मी गारच पडलो, मग डॉक्टरांना सरळ विचारलं. तर ह्या हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पातळ पिवळसर भागातून, काढलेल्या अँटिबॉडीज, उसनी प्रतिकारशक्तीच म्हणा ना. जंतू मारायचं काम अँटिबायोटिकचंच, पण स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू जे विष सोडतात ते ह्या पकडून निकामी करतात, म्हणून स्ट्रेप्टोकॉकल टॉक्सिक शॉकमध्ये, म्हणजे त्या विषाने बीपी कोसळतो तेव्हा, क्लिंडामायसिन ह्या अँटिबायोटिकसोबत देतात. पण सरसकट सगळ्या सेप्सिसला नाही हं! २०११ साली सुमारे ३५०० नवजात बाळांवरची मोठी ट्रायल छापून आली, त्यात काहीच फायदा दिसला नाही, तेव्हा आपल्या पेशंटला कोणता जंतू सापडलाय, कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) काय म्हणतंय हे आधी विचारा, त्यात लाजायचं काय. घाण जखमेनंतर धनुर्वातासाठी २५० युनिटचं जे वेगळं इंजेक्शन देतात ना तेही ह्याच जातीचं. अल्ब्युमिनची बाटली मात्र वेगळी, तीही प्लाझ्मातलीच पण ती बीपी सांभाळायला, जंतूंसाठी नाही.